शेवरीची मोळी

फेब्रुवारी निम्मा सरला की निमगाव केतकीत कोयत्याचे दोन आवाज येतात. एक उसाच्या फडातला. तो दिवाळीपासून चालूच असतो, त्यामुळे एव्हाना कानाला त्याची सवय झालेली असते. दुसरा पानमळ्यातला, शेवरीची छाटणी सुरू झाल्याचा. हा हलका असतो, ओला असतो आणि मधेच थांबतो, कारण छाटणारा माणूस वर बघून पुढची फांदी निवडत असतो. सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी डोक्यावर पंखा. मुलींच्या दप्तरांतून गाभुळलेल्या चिंचांचा वास येतो. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या डुलत जातात आणि दहावीची मुलं एकाएकी देवाला आणि आम्हा शिक्षकांना वाकून नमस्कार करायला लागतात.

यंदाही मागच्या आठवड्यात तिसऱ्या तासाला खिडकीतून तो दुसरा आवाज आला आणि फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबला. आता मोळी येणार, एवढंच मनात आलं.

मोळीची रीत बाहेरच्या माणसाला सांगितली की तो आधी हसतो. आमच्याकडे खाऊच्या पानांचे मळे आहेत. पानाच्या वेलीला चढायला आधार लागतो, म्हणून शेवरीची झाडं लावतात. शेवरी फार माजली की सावली दाट होते, मग तिचे शेंडे छाटतात. त्या छाटणीतले सरळ, कोवळे, बोटाएवढे फोक निवडून त्यांची पहिली मोळी शाळेला द्यायची, ही गावाची जुनी पद्धत. देवाला पहिलं कणीस, तसे मास्तरांना पहिले फोक. मोळीला हळदीकुंकू लागतं, सरस्वतीच्या तसबिरीपुढे ती ठेवली जाते, मुख्याध्यापक नारळ फोडतात, खोबरं वाटलं जातं. पूर्वी एक मोळी वर्षभर पुरायची नाही म्हणे. पुढे मुलांना मारायचं नाही असा कायदा आला. पण कायद्यात मोळीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं आणि गावानं कायदा मनावर घेतलेला नव्हता, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मोठ्या समजुतीनं काणाडोळा केला. मोळी यायची, नारळ फुटायचा, फोक कार्यालयातल्या कपाटामागे वाळायचे आणि शिमग्याला होळीत जायचे.

मला ही रीत पहिल्या वर्षापासून खुपली. तसं मी बोलूनही दाखवलं, कारण पोटात ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, नुसता नारळ तर फोडायचाय. एवढं काय त्यात?" एवढं काय, हे त्यांनी मला विचारायला नको होतं. मी कऱ्हाटीच्या गुरुजींची मुलगी आहे.

कऱ्हाटी शेजारच्याच बारामती तालुक्यात, पण इकडच्यासारखी तिथं उसाची दाटी नव्हती. माझ्या लहानपणी परीक्षेचा हंगाम म्हणजे शाळू काढणीचा हंगाम. नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त, खळ्यांवर उफणणीची धूळ आणि शाळेच्या ओसरीवर निरगुडीचा उग्र वास. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तिथं गुरुजी होते. त्यांचे फोक निरगुडीचे असत आणि ते वाळून मोडू नयेत म्हणून पाण्याच्या बादलीत उभे करून ठेवलेले असत. परीक्षा जवळ आली की बादलीतले फोक वाढत. अजूनही कुठं निरगुडीचा पाला चुरगळला गेला की मला सतराचा पाढा आठवतो. अण्णा मलाही मारत. इतरांना एक, तर मला दोन, गुरुजींची पोरगी सुटली असं कुणी म्हणू नये म्हणून. घरी आल्यावर तेच अण्णा माझ्या तळहाताला खोबरेल चोळत. मारणारा आणि तेल चोळणारा हात एकच कसा, हे कोडं मला तेव्हा सुटलं नाही आणि पन्नाशी ओलांडली तरी सुटलेलं नाही.

ते वाईट शिक्षक नव्हते, हेही सांगायला हवं. मुलगा दोन दिवस दिसला नाही तर ते त्याच्या वस्तीवर चालत जात, आणि त्याला पाठीवर बसवून ओढा ओलांडून आणलेलं मी डोळ्यांनी बघितलं आहे. पालक येऊन म्हणायचे, "गुरुजी, हाडं आमची, कातडं तुमचं." गुरुजींना तो आपला मान वाटायचा आणि ते इमानानं कातडं सोलायचे.

आई गेल्यापासून अण्णा माझ्याकडे निमगावात असतात. अधूनमधून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बारामतीला न्यावं लागतं. एस.टी. स्टँडवरून दवाखाना जवळच आहे, पण आम्हाला पोचायला उशीर होतो, कारण वाटेत विद्यार्थी भेटतात. कुणी दुकानदार, कुणी कारखान्यात मोठ्या जागेवर, कुणी स्वतःच आजोबा झालेला. भर रस्त्यात वाकून पाया पडतात आणि तळहात पुढे करतात. "गुरुजी, हितं वळ उठला हुता बघा. तुमच्या फोकानं आमी माणसात आलो." अण्णा त्यांच्या पाठीवर हात ठेवून हसतात. पूर्वी त्या हसण्यात तृप्ती असायची. अलीकडे ते हसू लवकर मावळतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्याचं कारण मात्र मला गेल्या वर्षीच्या हंगामात कळलं.

गेल्या वर्षी मोळी आणायचा मान सोपानतात्यांचा होता. तात्यांचा पानमळा गावात नावाजलेला, आणि जीभ पानमळ्यापेक्षा जास्त. त्यांची नात समृद्धी माझ्या नववीच्या वर्गात होती. दोन घट्ट वेण्या, खाली मान, पण मराठीच्या तासाला धडा वाचायला उभी राहिली की असा खणखणीत आवाज, की शेजारच्या वर्गातले सर दार लोटून घेत. तात्यांना तिचा केवढा अभिमान! मोळी ठेवून झाली, नारळ फुटला आणि त्यांना राहवलं नाही. नारळ ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता तो कागद त्यांनी झटकला, मांडीवर सरळ केला आणि नातीच्या हातात दिला.

"वाच गं जरा. समद्यांना कळू दे, सोपानाच्या घरात कसं वाचत्यात ते."

सगळी शाळा मैदानात बसली होती. समृद्धीनं कागद धरला. पहिला शब्द कसाबसा निघाला. दुसऱ्यापाशी ती अडखळली. तिसऱ्यात जोडाक्षर होतं, तिथं ती थांबली ती थांबलीच. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि तिला रडूच फुटलं. मला आधी काही उमगेना. ही रोज वर्गात धडा वाचते, मी स्वतः ऐकते! मग उमगलं. पोरगी वाचत नव्हती. दुसऱ्या कुणी धडा एकदा-दोनदा वाचला की तो तिच्या कानात बसायचा, आणि पुस्तक हातात धरून ती तो म्हणून दाखवायची. पहिलीपासून तिनं हेच केलं होतं. तिला वर ढकलत आणणाऱ्या आम्हा कुणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

तात्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी मोळीतला एक फोक उपसला आणि माझ्यापुढे धरला.

"बाई, हाना हिला. आत्ता. माझ्यासमोर."

"नाही, तात्या."

"मी आजा हाय तिचा. मी सांगतोय न्हवं?"

"तुम्ही आजोबा, पण मी तिची शिक्षिका आहे. मी मारणार नाही."

"मारणार न्हाय. आठवीपातूर नापास करणार न्हाय. मग करता काय वो तुमी?"

  तात्यांनी फोक माझ्यापुढून काढला आणि ते गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागले. "आमच्या टायमाला गुरुजी दिसलं की आमी लिंबामागं लपायचो. आता पोरं सराच्या खांद्यावर हात टाकून फोटू काढत्यात! भ्याव गेलं तितंच शिक्शान गेलं. ही हितं न्हाय ऱ्हायची आता. सोलापूरच्या अंगाला एक निवासी शाळा हाय. मोबाईल न्हाय, घरचं तोंड न्हाय, चुकलं की फोडून काढत्यात. पाडवा झाला की तितं घालतो हिला."

हे ऐकलं आणि समृद्धीचं रडं थांबलं. तेच मला सहन झालं नाही. रडणाऱ्या पोरीला जवळ घेता येतं. न रडता बघत राहिलेल्या पोरीचं काय करायचं?

"तात्या," मी म्हणाले, "पाडव्याला तुम्ही हातात द्याल ते ती वाचून दाखवेल. नाही आलं तर खुशाल न्या. पण तोवर तिच्या अंगाला फोक लागायचा नाही. शाळेत नाही आणि घरीही नाही."

"मी दीन ते?"

"तुम्ही द्याल ते."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. घरी येईपर्यंत माझं मलाच कळेना, मी कशाच्या जोरावर हा शब्द दिला. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, तिला अक्षरापासून सुरुवात करायची, आणि पाडवा हाकेच्या अंतरावर. पण शब्द दिला होता आणि मला तो पाळायचा होता. आजवर नोकरीत मी बरीच परिपत्रकं पाळली, एवढ्या इरेला मात्र कधी पेटले नव्हते.

अण्णांना सांगितलं तर ते खाटेवरून उठूनच बसले. "नववीत? आन जोडाक्षरं येत न्हाईत? माझ्या शाळेत चौथीतलं पोर गावाची पत्रं वाचून दाखवायचं!"

"फोकाच्या भीतीनं."

"कशानं का व्हईना, वाचायचं ना? तुमी फोक काढून घेतला. बरं केलं. त्याच्या जागी काय ठेवलं?"

तात्यांचाच प्रश्न, फक्त घरातल्या माणसानं विचारलेला. दोन म्हातारे, एकमेकांना कधी न भेटलेले, आणि दोघांचं बोट एकाच दुखऱ्या जागेवर. मी चिडले, पण आतून पटलंही. धाक नको म्हणताना आम्ही मेहनतही सोडून दिली होती. मूल रुसू नये म्हणून सोपं विचारायचं, आकडा चांगला दिसावा म्हणून वर ढकलायचं, आणि याला प्रेम म्हणायचं. याला प्रेम म्हणणं मला मान्य नव्हतं आणि अण्णांच्या फोकाला शिक्षण म्हणणंही मान्य नव्हतं.

"उद्यापासून पाठव तिला सकाळची," अण्णा म्हणाले. "मी बघतो."

"हात लावायचा नाही."

"ह्या वयात मला शिकवतीस?"

"हो."

पहिल्या सकाळी समृद्धी ओट्यावर बसली. अण्णांनी भिंतीला टेकवलेल्या छोट्या फळ्यावर शब्द लिहिले, ते वळले आणि एका अक्षराकडे बोट दाखवायला त्यांनी हात उचलला. नुसता उचलला. पोरीनं डोळे गच्च मिटले, मान खांद्यात ओढली आणि न सांगता उजवा तळहात पुढे केला. मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते. अण्णा तसेच उभे राहिले, हात हवेत. मग त्यांनी तो हळूच खाली आणला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा दोन्ही हात पाठीमागे बांधून शिकवायला लागले. डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलेलं. लिहायचं काम माझ्याकडं, दाखवायचं काम नजरेनं. "डावीकडून दुसरं. त्येच्या पोटात काय अडकलंय बघ." असं चालायचं. मनगट इतकं घट्ट धरलेलं असायचं की तास संपल्यावर तिथं बोटं उमटलेली दिसायची.

त्याच आठवड्यात एका दुपारी ते आपणहून बोलले. "बारामतीला बँकेच्या कोपऱ्यावर पाण्याच्या जळक्या मोटारी भरून द्यायचं दुकान हाय बघ. तिथला बबन. मी दिसलो की रस्ता वलांडून पल्याड जातो. समदे पाया पडाया येत्यात, त्यो पल्याड जातो."

"तुमचा विद्यार्थी?"

"चौथीत हुता. वाचाया सांगितलं की गप उभा ऱ्हायचा. मला वाटायचं, उर्मट हाय. एक दिवस लई मारलं. त्यानंतर आलाच न्हाय." मग ते अंगणातल्या उन्हाकडं बघत म्हणाले, "त्येला वाचता येत नसंल, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाय."

 तुमच्या फोकानं माणसात आलो म्हणणारे सगळे मला आठवले. ते रस्त्यात भेटतात, वाकतात, तळहात दाखवतात. जे शाळेतून गेले ते गेलेच. त्यांची बाजू सांगायला कुणी थांबत नाही, म्हणून फोकाची कीर्ती एवढी मोठी. माझ्या अण्णांना हे कुठल्या प्रशिक्षणात समजलं नाही, रस्ता ओलांडणाऱ्या माणसाकडं बघून समजलं. मला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी त्यांचा अभिमान वाटला.

पुस्तक बाजूला ठेवायचं, ही कल्पना अण्णांचीच. पुस्तक दिलं की पोरगी सवयीनं पाठ करायची. मग ते तिला घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहायला लागले. सकाळच्या वेळी ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांगच असते, गतिरोधकापाशी प्रत्येक ट्रॅक्टर दमानं चढतो आणि उतरतो. तेवढ्यात पुढचं-मागचं लिहिलेलं वाचायचं. 'आईचा आशीर्वाद', 'कृपा', 'श्रद्धा आणि सबुरी', 'नाद करायचा नाय'. ट्रॅक्टर कुणासाठी थांबत नाही, आणि पाठ तर करताच येत नाही, कारण पुढचा कुठला येईल कुणाला ठाऊक. उसाच्या पाचोळ्याचा गोड-कोंदट वास, डिझेलचा धूर, आणि त्या धुरात एक म्हातारा हात पाठीमागे बांधून ओरडतोय, "वाच, वाच, गेला बघ!" आणि एक मुलगी ट्रॉलीमागं चार पावलं धावत "आ-शी-र्वाद!" म्हणून उडी मारतेय. येणारे-जाणारे हसायचे. हसू देत. पहिल्यांदा 'श्रद्धा' एका दमात वाचलं तेव्हा तिनं मागं वळून बघितलं, आणि मी तिचे दात पहिल्यांदा पाहिले.

मधेच दोन दिवस ती आली नाही. मी तडक पानमळा गाठला. पानमळ्यात चपला बाहेर काढून जावं लागतं, देवळासारखं. आत गेलं की ऊन संपतं, गार ओली माती तळव्यांना लागते. तात्या अंगठ्याला लोखंडी नखी लावून पानं खुडत होते, आणि समृद्धी करंडीत पानं रचत होती.

"माणसं मिळंना बाई, बाजार आलाय तोंडावर," ते वर न बघता म्हणाले. मग एक लोंबती वेल त्यांनी शेवरीला टेकवली आणि दोरीनं इतकी अलगद बांधली की पानसुद्धा वाकलं नाही.

मला राहवलं नाही. "तात्या, वेलीला किती हळू हात लावता हो तुम्ही. आणि पोरीसाठी फोक?"

तात्यांनी नखी काढली आणि माझ्याकडं बघितलं. "येलीला धाव्वीचा पेपर नसतो बाई."

मला हसू आलं. तेही हसले. भांडणात समोरचा हजरजबाबी असला की अर्धं भांडण तिथंच विरतं. पण उरलेल्या अर्ध्यासाठी मी करंडीशेजारी फतकल मारून बसले. म्हटलं, ती येत नसेल तर मी रोज इथं येऊन बसेन, आणि पानं मला रचता येत नाहीत, तुमचा माल खराब होईल. दुसऱ्या दिवशी समृद्धी ट्रॅक्टरच्याही आधी हजर होती.

पाडव्याला तात्या आमच्या घरी आले. दारात गुढी, ताटलीत कडुलिंबाची पानं आणि गूळ. तात्यांनी नवं धोतर नेसलं होतं आणि नाकावर चष्मा चढवला होता. कडुलिंब तोंडात टाकून त्यांनी पिशवीतून औषधाची बाटली काढली, पानमळ्यात फवारायची. तिच्या गळ्याला रबरानं बांधलेला घडीचा कागद असतो, तो त्यांनी सोडवून नातीपुढे धरला. "ह्ये वाच. पुस्तकातलं नको मला. ट्रॅक्टरवरचं बी नको."

म्हातारा वस्ताद! त्याला सगळं ठाऊक होतं. कागदावर कितीतरी भाषा, आणि मुंगीएवढं अक्षर. समृद्धीनं घडी उलगडली, एक बाजू बघितली, "ही हिंदी हाय," म्हणाली आणि उलटली. अण्णा खांबाला टेकून उभे होते, हात पाठीमागे.  ती वाचायला लागली. हळू, बोट ठेवून. 'द्रावण' आलं. 'संरक्षक' आलं, तिथं थांबली, ओठ हलवले, आणि ओलांडून गेली. 'फवारणी आणि तोडणी यांमध्ये किमान आठ दिवसांचे अंतर ठेवावे.'

"काय?" तात्या म्हणाले. "परत वाच."

तिनं परत वाचलं. मग मान वर केली. "तात्या, आपण कालच फवारलंय. आन उद्या खुडायचंय बाजाराला."

तात्यांनी कागद आपल्या हातात घेतला, चष्म्यातून बघितला, थोडा लांब धरला, थोडा जवळ. मग अण्णांपुढे केला. "गुरुजी, बरुबर वाचलं का वो पोरीनं?"

अण्णांनी वाकून वाचलं. "अक्षर न् अक्षर बरुबर."

"इतकी वर्षं फवारताय," माझ्या तोंडून गेलंच, "हे कधी वाचलं नव्हतं तुम्ही?"

तात्यांनी चष्मा काढला. "दुकानदार टोपणाचं माप सांगतो. तेवढ्यावर भागलं." मग आवाज उतरला. "मला पाढे येत्यात बाई. तीसापातूर. पावकी, निमकी, समदं. वाचायचं तेवढं... आमच्या गुरुजींचा फोक असा चालायचा, की दुसरं कोण वाचंल ते ध्यानात ठिवायचो आन माझी पाळी आली की तेच म्हणायचो. मार चुकायचा."

समृद्धी त्यांच्याकडं बघत होती. "माझ्यावानी?"

"तुझ्यावानीच की."

 वरती गुढीवरचा तांब्या वाऱ्यानं काठीला वाजत होता. तात्यांनी खिशातला मोबाईल काढला, कुणाला तरी लावला आणि म्हणाले, "उद्या पानं खुडायची न्हाईत. पुढल्या बाजारालाच. का म्हंजी? पोरीनं वाचलंय." मोबाईल ठेवला, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि उठता उठता मला म्हणाले, "ती निवासी शाळा कॅन्सल."

हे सगळं गेल्या वर्षीचं. यंदा मोळीचा मान दुसऱ्या घराचा होता, पण तात्या सोबत आलेच. नारळ फुटला आणि मुख्याध्यापक सवयीनं मोळी कपाटाकडं न्यायला लागले, तर तात्यांनी ती मधेच धरली. शाळेच्या परसबागेत वालाचे वेल जमिनीवर लोळत होते. तिथं बसून त्यांनी एक एक फोक रोवला आणि वेल बांधून दिले. मोळीचा मान असलेल्या घरातले आजोबा फुरंगटले. "मग पोरांना धाक कशाचा ऱ्हायला?" तात्या म्हणाले, "धाक हाय की. पाडव्याला मी बाटली घिऊन येणार हाय."

धाकाची बाटली मला मंजूर आहे. यंदा आठवी-नववीची सगळी मुलं मी जानेवारीतच एकेकटी बसवून अनोळखी मजकुरावर तपासली. अडणारी आणखी सापडली, वाटली होती त्याहून जास्त. कुणाच्या आईनं सांगितलं, आमच्या पोराला कमी लेखू नका. कुणाचे वडील म्हणाले, दोन ठेवून द्या की, व्हईल सरळ. मी दोघांनाही एकच सांगितलं. मुलाला सकाळी पाठवा. आल्याशिवाय मी सोडणार नाही आणि हातही लावणार नाही. या दोन्ही गोष्टी एका वेळी करायला वेळ लागतो, घसा बसतो, सुट्ट्या जातात. जाऊ देत. नोकरीची थोडी वर्षं उरलीत, ती मी यातच घालवणार आहे.

मागच्या खेपेला बारामतीत बबन पुन्हा रस्ता ओलांडून गेला. अण्णांनी या वेळी त्याला नावानं हाक मारली. तो थांबला नाही. "पुढल्या टायमाला परत मारतो हाक," अण्णा म्हणाले आणि काठी टेकत दवाखान्याकडं वळले.

काल सकाळी ओट्यावर ती नवी मुलं होती आणि समृद्धीही होती. तिची दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे, पण निघण्याआधी लहानांना काहीतरी वाचून दाखवते, रोज नवीन. अण्णा शेजारी उभे, डाव्या हातात उजवं मनगट. वाचता वाचता ती एका ओळीत चुकली. अण्णा पुढे झुकले तसा चष्मा नाकावरून घसरला, आणि तो सावरायला त्यांचा उजवा हात झटक्यात सुटून वर गेला, अगदी तिच्या कानाजवळून. समोरच्या दोन पोरांनी माना खांद्यात ओढल्या. 

समृद्धीची पापणीसुद्धा हलली नाही. तिनं चुकलेला शब्द पुन्हा वाचला, बरोबर वाचला, आणि पुढची ओळ धरली.